उद्यमनगरापासून विद्यापीठापर्यंतचे तीन किलोमीटर: शिवाजी विद्यापीठाच्या कुलगुरूंना आणि व्यवस्थापन परिषदेला खुले पत्र

माननीय कुलगुरू महोदय आणि व्यवस्थापन परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य,
शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर.

सप्रेम नमस्कार.

आपल्या विद्यापीठातून विज्ञानाची पदवी घेऊन मी शिवाजी उद्यमनगरात यंत्रकामाचा एक छोटा कारखाना चालवतो. नोंदणीकृत पदवीधर म्हणून अधिसभेच्या निवडणुकीत मतदान करतो, आणि त्यापलीकडे विद्यापीठाशी माझा संबंध फारसा उरलेला नाही. उद्यमनगरात माझ्यासारखे पुष्कळ आहेत. राजारामपुरी ओलांडून, सायबर चौकातून विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराशी पोचायला आम्हाला दुचाकीवर दहा-बारा मिनिटे पुरतात. तरीही वर्षानुवर्षे त्या दारातून आत जाण्याचे काही कारण आम्हाला पडत नाही, आणि आतल्या प्राध्यापकांनाही आमच्या गल्ल्यांमध्ये येण्याचे कारण पडत नाही. कोल्हापूरच्या आर्थिक वाढीत नेमके हेच अडते आहे असे माझे मत आहे, म्हणून हे पत्र.

शहराच्या विकासाची चर्चा आजकाल बाहेरून काय येणार याभोवती फिरते. उजळाईवाडीच्या विमानतळाला नवी इमारत मिळाली, ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले, शेंडा पार्कातल्या आयटी पार्कबद्दल बोलणे चालू आहे, आणि १९७२ मध्ये महानगरपालिका झाल्यापासून एकदाही न झालेली हद्दवाढ हा तर प्रत्येक निवडणुकीचा ठेवणीतला विषय आहे. यातली प्रत्येक गोष्ट महत्त्वाची आहे आणि सर्किट बेंचसाठी तर या शहराने अनेक वर्षे चिकाटीने लढा दिला आहे. पण या सगळ्या यादीत विद्यापीठाचे नाव कुठे येत नाही. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते ज्याचे उद्घाटन झाले, ज्याच्याकडे साडेआठशे एकरांचा परिसर आहे, ज्याला २०२१ मध्ये उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’ने ‘ए प्लस प्लस’ दर्जा दिला, आणि कोल्हापूर, सांगली, सातारा या तीन जिल्ह्यांतली महाविद्यालये ज्याच्याशी जोडलेली आहेत, ती संस्था शहराच्या अर्थकारणात मोजलीच जात नसेल तर दोष मोजणाऱ्यांचा आहे की संस्थेचा, हा प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारायला हवा.

आधी आम्ही काय करतो ते सांगतो, कारण शहरातल्या शहरातही ते नीट ठाऊक नसते. कोल्हापूर परिसरात तीनशेच्या आसपास फौंड्री, म्हणजे ओतकामाचे कारखाने, आहेत. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींमध्ये लोखंड ओतले जाते आणि त्या ओतकामावर पुढचे यंत्रकाम करणारे शेकडो लहान कारखाने उद्यमनगरापासून वसाहतींपर्यंत पसरलेले आहेत. या व्यवसायाची सुरुवात शेतीतून झाली. उसाला पाणी हवे म्हणून ऑइल इंजिन आणि पंप आले, ऊस गाळायला चरक आले, साखर कारखाने आले, इचलकरंजीचे माग आले, आणि या सगळ्यांचे सुटे भाग दुरुस्त करता करता इथल्या मेस्त्रींनी ते बनवायला सुरुवात केली. ‘नमुना ठेवून जा, परवा या’ एवढ्या बोलीवर हा धंदा उभा राहिला. पुढे मोटारींची आणि ट्रॅक्टरची कामे आली आणि तीच आता मुख्य झाली आहेत.

काळजीचे कारणही तिथेच आहे. आमच्या भागात ओतले जाणारे बरेचसे लोखंड इंजिनात जाते. विजेवर चालणाऱ्या गाडीला सिलिंडर ब्लॉक लागत नाही, सिलिंडर हेड लागत नाही, फ्लायव्हील लागत नाही. तिला विजेच्या मोटरचे कवच लागते आणि ते बहुधा ॲल्युमिनियमचे असते. ट्रॅक्टर आणि अवजड वाहने यांचे इंजिन लगेच कुठे जात नाही, त्यामुळे उद्या सकाळी कुलूप लागेल असे मी म्हणत नाही. पण पुढच्या दहा-पंधरा वर्षांत लोखंडाकडून दुसऱ्या धातूंकडे, मोटारींकडून रेल्वे, संरक्षण, पंप, शेतीयंत्रे अशा दुसऱ्या गिऱ्हाइकांकडे वळावे लागणार आहे, आणि हे वळण केवळ डोळ्यांच्या अंदाजाने आणि हाताच्या सवयीने घेता येणार नाही. मोठ्या फौंड्रींकडे स्वतःच्या प्रयोगशाळा आणि सल्लागार आहेत. आठ-दहा माणसांच्या कारखान्याकडे काय आहे? त्याच्याकडे तीन किलोमीटरवर विद्यापीठ आहे.

आता एक घडलेली गोष्ट सांगतो, कारण पुढच्या मागण्या तिच्यातून निघाल्या आहेत. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तर पहिल्या वर्षाला चार श्रेयांकांचे कार्यानुभव प्रशिक्षण आले, म्हणजे सुमारे एकशेवीस तासांचे प्रत्यक्ष काम. त्यासाठी गगनबावडा तालुक्यातली, भौतिकशास्त्र शिकणारी एक मुलगी ओळखीतून माझ्याकडे आली. तिला काय काम द्यावे हे मला सुचेना, म्हणून मी तिच्यापुढे रिजेक्शनची वही ठेवली. आमच्याकडे येणारे ओतकाम लेथवर लावून कातले की काही नगांमध्ये पृष्ठभागाखालची हवेची पोकळी उघडी पडते, त्याला आम्ही ब्लोहोल म्हणतो, आणि असा नग बाद होतो. बाद नगांची नोंद आमचे मेस्त्री स्वतःच्या खुणांनी करतात: गोल म्हणजे ब्लोहोल, फुली म्हणजे तडा, आडवी रेघ म्हणजे वाळू चिकटलेली. ती वही त्यांच्याखेरीज कोणाला वाचता येत नव्हती. मुलीने मेस्त्रींच्या शेजारी स्टुलावर बसून एकेक खूण समजून घेतली, नगावरच्या हीट नंबरवरून, म्हणजे वितळलेल्या धातूच्या कोणत्या घाण्यातला तो नग आहे ते सांगणाऱ्या क्रमांकावरून, तो कोणत्या दिवशी आणि कोणत्या पाळीत ओतला गेला हे फौंड्रीला फोन करकरून काढले, आणि त्याचा तक्ता केला. बाद नगांपैकी मोठा वाटा साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीतला निघाला. सुट्टीच्या दिवशी पडून राहिलेल्या वाळूतली ओल पहिल्या पाळीला नीट तपासली जात नव्हती, हे त्यामागचे कारण.

तक्ता बघून मेस्त्री म्हणाले, “ह्ये मला ठावंच हुतं की.” त्यांना ते खरोखरच ठाऊक होते, त्यांनी ते फौंड्रीच्या माणसांना बोलूनही दाखवले होते. फरक इतकाच पडला की मेस्त्रींचे बोलणे ऐकून सोडून दिले गेले होते आणि तक्ता पुढे ठेवल्यावर ओल तपासण्याची पद्धत बदलली. आमच्याकडे ज्ञान आहे, पण पुरावा नाही. तुमच्याकडे पुरावा उभा करण्याची शिस्त आहे, पण ती लावायला विषय लांबून आणावे लागतात. ती मुलगी आज चाकणच्या एका कंपनीत गुणवत्ता विभागात आहे. कोल्हापुरात तिला तसे काम मिळाले असते तर ती राहिली असती असे तिनेच मला सांगितले. रविवारी रात्री कावळा नाक्यावर आणि तावडे हॉटेलपाशी पुण्याच्या ट्रॅव्हल्सच्या रांगा लागतात, त्यात अशीच मुले-मुली पाठीवर बॅग घेऊन उभी असतात. पुण्याला जाण्याची ही रीत तशी जुनी आहे. १९२९ मध्ये इथे स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनीसुद्धा १९३३ मध्ये पुण्याला गेलीच. पण चित्रपटाचा कारखाना एकदाच गेला. इथे दरवर्षी एक अख्खी तुकडी जाते.

म्हणून माझी पहिली विनंती या कार्यानुभव प्रशिक्षणाबद्दल आहे. ही योजना कागदावर उत्तम आहे आणि प्रत्यक्षात तिची गत काय होते आहे हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक माहीत असेल. आमच्या गल्लीत मुले येतात, “सर, फक्त सही-शिक्का हवा आहे” म्हणतात, आणि काही कारखानदार मायेपोटी किंवा झंझट नको म्हणून तो देऊनही टाकतात. कोणत्या महाविद्यालयाची मुले, हे विचारण्यात अर्थ नाही. सगळीकडे हेच चालले आहे. एकशेवीस तास हा लहान कारखान्याच्या दृष्टीने मोठा वेळ आहे. तेवढ्यात एखादी रिजेक्शनची वही वाचून होते, विजेच्या बिलाचा हिशेब लागतो, एका यंत्राच्या देखभालीचे वेळापत्रक बसते, एका नगाची खरी किंमत काढता येते. (आमच्यातल्या निम्म्या लोकांना आपल्या नगाची खरी किंमत माहीत नसते, शेजाऱ्याने काय दर लावला यावर आमचा दर ठरतो.) विद्यापीठाने दरवर्षी उद्योग संघटनांकडून अशा लहान, ठोस प्रश्नांची यादी मागवावी, ती सर्व विभागांपुढे ठेवावी, आणि विद्यार्थ्याने दाखल्याऐवजी प्रश्नाचे उत्तर सादर करावे. मूल्यमापनाला कारखानदार आणि प्राध्यापक दोघेही बसावेत. वेळापत्रक ठरवताना एका गोष्टीचा विचार व्हावा. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम उन्हाळ्यात संपतो आणि पावसाळा सरेपर्यंत त्यांची देखभाल-दुरुस्ती चालते. त्या कामावर जगणाऱ्या वर्कशॉपमध्ये मे-जूनमध्ये विद्यार्थी आले तर त्यांना शिकायला भरपूर काम मिळेल. दिवाळीनंतर आले तर बऱ्याच ठिकाणी नुसते बसून राहावे लागेल.

हे सांगताना आमच्या बाजूचे झाकून ठेवणे बरे नाही. विद्यार्थ्याला प्रवासखर्चापुरतेसुद्धा विद्यावेतन द्यायला आमच्यातले अनेक जण तयार नसतात. ड्रॉइंग दाखवले तर पोरगे उद्या शेजारी जाऊन सांगेल ही भीती आमच्या अंगात मुरलेली आहे. आणि सर्वांत लाजिरवाणी गोष्ट म्हणजे उद्यमनगरातल्या बहुतेक लहान शेडमध्ये स्त्रियांसाठी स्वच्छतागृह नाही. माझ्याकडे आलेली मुलगी त्यासाठी रस्ता ओलांडून एका ओळखीच्या कार्यालयात जात असे. आज पदवी घेणाऱ्यांमध्ये मुलींची संख्या पाहता, मुलींना काम करता येणार नाही अशी औद्योगिक वसाहत म्हणजे शिकलेल्या मनुष्यबळाच्या मोठ्या हिश्शाला दार लावून घेणेच आहे. या पत्राची प्रत महानगरपालिकेच्या आयुक्तांना पाठवतो आहे ती याचसाठी: उद्यमनगरात स्त्रियांसाठी दोन-तीन ठिकाणी देखभाल होणारी स्वच्छतागृहे बांधायला हद्दवाढीच्या निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

दुसरी विनंती प्रयोगशाळांबद्दल. विद्यापीठात केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने चालणारे सैफ केंद्र आहे. पदार्थाची सूक्ष्म रचना दाखवणारी जी उपकरणे तिथे आहेत ती विकत घेणे आमच्यापैकी कोणालाही सात जन्मांत शक्य नाही, आणि बाहेरचे नमुने तिथे शुल्क घेऊन तपासले जातात. मग उद्यमनगरातला माणूस तिथे का जात नाही? मला वाटते, कारण साधे आहे. संशोधकाला आलेख हवा असतो, कारण आलेखाचे काय करायचे हे त्याला माहीत असते. आम्हाला उत्तर हवे असते. हा शाफ्ट पाचशे तासांत का तुटला, धातूत खोट होती की उष्णता-प्रक्रियेत, आणि पुढच्या खेपेला काय बदलू? आलेखाच्या पुढे चार ओळींचा मराठी अभिप्राय लिहिणारा एक माणूस त्या केंद्राच्या दाराशी बसवला तर त्या उपकरणांचा उपयोग दहापट वाढेल. तो माणूस प्राध्यापकच असला पाहिजे असे नाही. धातुशास्त्राची जाण असलेला, कारखान्यात काही वर्षे काढलेला अभियंता चालेल, आणि त्याच्या पगाराचा काही भाग उद्योग संघटनांनी उचलावा असा आग्रह मी आमच्या बैठकांत धरीन. लहान उद्योगांसाठीचे दर, नमुना कसा कापून आणायचा याची सूचना आणि अहवाल किती दिवसांत मिळेल हे तिन्ही एका पानावर छापून ते पान शिरोलीपासून गोकुळ शिरगावपर्यंतच्या संघटनांच्या फलकांवर लावावे. इतक्या साध्या गोष्टीने किती फरक पडतो ते वर्षभरात दिसेल.

हे सगळे नियमात बसते का, असा प्रश्न प्रशासनातून येईल याची मला कल्पना आहे. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने नवोपक्रम आणि नवउद्योगांना पाठबळ देण्यासाठी प्रत्येक विद्यापीठात स्वतंत्र मंडळाची तरतूद केलेली आहे. म्हणजे घर बांधून तयार आहे. अडचण अशी की अशी मंडळे सर्वत्र नव्या कल्पनांच्या स्पर्धा भरवतात, मोबाइल ॲप बनवणाऱ्या मुलांना बक्षिसे देतात, आणि चाळीस वर्षे चालू असलेल्या, पण नव्या मालाकडे वळू पाहणाऱ्या जुन्या कारखान्याला काय मदत करायची हा प्रश्न त्यांच्या कामात येत नाही. नवउद्योग म्हणजे पंचविशीतल्या मुलाने लॅपटॉपवर काढलेली कंपनी, ही समजूत कोल्हापूरला परवडणारी नाही. इथे साठीतला मेस्त्रीही नवउद्योजक असू शकतो.

मेस्त्रींचा विषय निघालाच आहे तर त्यावर थोडे थांबतो. म्हादबा मेस्त्रींच्या काळापासून या शहरात अशी माणसे होऊन गेली ज्यांनी शाळेत फारसे न शिकता परदेशी यंत्र उघडून पाहिले आणि तसेच यंत्र इथे उभे केले. बाबुराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा याच गावात तयार केला. आज त्या परंपरेतली शेवटची पिढी साठी-सत्तरीत आहे. माझ्या गल्लीतले एक मेस्त्री नुसत्या कातणीच्या आवाजावरून हत्यार बोथट झाले की नाही ते सांगतात, आणि निघणाऱ्या चुऱ्याचा रंग बघून वेग कमी करायला लावतात. त्यांचा मुलगा बँकेत आहे, नातू पुण्यात. ते थांबले की हे ज्ञान थांबले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ ही व्यवस्था आणली आहे. आपल्या क्षेत्रात किमान पंधरा वर्षे असाधारण काम केलेल्या व्यक्तीला औपचारिक पदवीच्या अटीविना अध्यापनासाठी नेमता येते, आणि मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत अशा नेमणुका करता येतात. देशभरात या पदांसाठी कंपन्यांचे निवृत्त अधिकारी आणि माजी सनदी अधिकारी यांचाच विचार आधी होतो. आयोगाला ज्येष्ठ पदावरचा अनुभव अधिक पसंत आहे हे मला माहीत आहे, पण आपल्या लेथवर चाळीस वर्षे उभा असलेला माणूस कोणत्या अर्थाने ज्येष्ठ नाही? तंत्रज्ञान विभागात वर्षाला दोन मेस्त्री नेमून दाखवावेत. त्यांच्यासोबत एक विद्यार्थी नोंदी घ्यायला, एक छायाचित्रणाला द्यावा. मराठी विभागाने त्यांच्या धंद्यातल्या शब्दांचा संग्रह केला तर तो वेगळाच लाभ.

तिसरी विनंती पैशाची आहे, पण अनुदानाची नव्हे. राजर्षी शाहू महाराजांचे नाव घेतल्याशिवाय कोल्हापुरात भाषण होत नाही, आणि बहुतेक वेळा ते नाव घेऊन झाले की विषय संपतो. मला त्यांच्या कामातली एक जोडी नेहमी विचार करायला लावते. शाहूपुरीची गुळाची पेठ वसली १८९५ मध्ये, व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले १९०१ मध्ये, आणि कापडगिरणीची पायाभरणी झाली १९०६ मध्ये. पेठ, वसतिगृह आणि गिरणी ही एकाच माणसाच्या डोक्यात अकरा वर्षांच्या आत आलेली कामे आहेत. शिक्षण एका खात्यात आणि व्यापार दुसऱ्या खात्यात अशी वाटणी त्यांनी केली नव्हती. आणि गंगाराम कांबळे यांची हकीकत तर सर्वांना पाठ आहे. पाण्याला हात लावला म्हणून मार खाल्लेल्या आपल्या नोकराला महाराजांनी भांडवल दिले, त्याने भाऊसिंगजी रस्त्यावर ‘सत्यसुधारक’ नावाचे चहाचे हॉटेल काढले, आणि अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोणी येईना तेव्हा महाराज स्वतः तिथे चहा प्यायला जाऊ लागले, बरोबरच्यांनाही प्यायला लावू लागले. ही हकीकत आपण सामाजिक समतेची म्हणून सांगतो आणि ते योग्यच आहे. मी धंदेवाईक माणूस असल्यामुळे मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. भांडवल मिळूनही तो धंदा बुडाला असता. तो तगला तो पहिल्या गिऱ्हाइकामुळे.

नव्या उद्योगाला आजही कर्ज मिळते, पहिले गिऱ्हाईक मिळत नाही. निविदेत मागील तीन वर्षांची उलाढाल आणि तशाच कामाचा अनुभव मागितला की नवा माणूस पहिल्या पानावरच बाद होतो. केंद्र सरकारच्या धोरणानुसार केंद्रीय खाती आणि सार्वजनिक कंपन्या यांनी वार्षिक खरेदीपैकी किमान २५ टक्के खरेदी सूक्ष्म आणि लघुउद्योगांकडून करायची असते. राज्य विद्यापीठाला राज्याचे नियम लागू असतात हे मान्य. पण त्या नियमांच्या चौकटीत राहूनही विद्यापीठ आणि त्याची संलग्न महाविद्यालये दरवर्षी काय काय विकत घेतात याची एक यादी सार्वजनिक करता येईल. प्रयोगशाळेतली टेबले, स्टँड, पंप, सौर दिव्यांचे खांब, वसतिगृहातल्या लोखंडी खाटा, स्वयंपाकघरातली भांडी, क्रीडासाहित्य. यातले निम्मे या जिल्ह्यात बनते किंवा बनू शकते. लहान रकमेच्या खरेदीत विद्यापीठाच्याच माजी विद्यार्थ्यांच्या नव्या उद्योगांना, गुणवत्तेत काडीचीही सूट न देता, अनुभवाच्या अटीत सूट द्यावी. विद्यापीठाला माल पुरवला हा पहिला दाखला हाती आला की पुढची दारे तो उद्योग स्वतः ठोठावील.

फौंड्रीबद्दल मी अधिक लिहिले कारण तो माझा धंदा आहे. पण हेच सूत्र सुभाषनगरातल्या चर्मकार बांधवांना अधिक लागू पडते. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. जून २०२५ मध्ये मिलानच्या मंचावर प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीने तशीच पादत्राणे दाखवली तेव्हा आपल्याकडे संताप उसळला, मग त्या कंपनीची माणसे कोल्हापुरात येऊन गेली. संताप ओसरल्यावर प्रश्न उरतो तो हा की हिरडा आणि बाभळीची साल वापरून कमावलेल्या कातड्याची चप्पल आणि यंत्रावर शिवलेली नक्कल यातला फरक गिऱ्हाइकाला कोण दाखवून देणार? कातड्याची चाचणी रसायनशास्त्र विभाग करू शकतो. परदेशी पायांच्या मापांचे कोष्टक कोणीही चार आठवड्यांत तयार करून देऊ शकते. मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करायचे अर्ज भरायला विधी विभागाचे विद्यार्थी महिन्यातून एकदा त्या वस्तीत बसले तर कारागिराचा एजंटाकडे जाणारा पैसा वाचेल. कोल्हापुरी गुळाचेही असेच आहे. मानांकन आहे, नाव आहे, आणि बाजारात त्या नावाखाली काय काय विकले जाते ते शाहूपुरीतल्या व्यापाऱ्यांना विचारावे.

परदेशी भाषा विभागात जर्मन, जपानी, रशियन शिकवल्या जातात, आणि इकडे निर्यात करणारे लहान कारखानदार ड्रॉइंगवरच्या परभाषेतल्या टिपा मोबाइलवर भाषांतरित करून त्यावर लाखोंचे ओतकाम करतात. या दोघांची गाठ घालून द्यायला एका फोनपेक्षा अधिक काही लागणार नाही. सर्किट बेंचमुळे सहा जिल्ह्यांतून येणाऱ्या पक्षकारांना आणि वकिलांना अनुवादक, टंकलेखक, अभिलेख हाताळणारी प्रशिक्षित माणसे लागत आहेत, त्यांचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम वर्षभरात सुरू होऊ शकतात. आणि २०१९ व २०२१ च्या महापुरांत शिरोलीजवळ राष्ट्रीय महामार्ग पाण्याखाली जाऊन माल दोन्ही बाजूंना अडकून पडला, म्हणून गोदाम कुठे बांधावे आणि कुठे बांधू नये एवढे सांगणारा नकाशा भूगोल विभागाकडून उद्योगांना मिळायला हवा.

विद्यापीठ म्हणजे रोजगार विनिमय केंद्र नव्हे, असा एक आक्षेप यावर घेतला जाईल, आणि तो मला अमान्य नाही. पातळ थरांवरचे, सूक्ष्म कणांवरचे जे मूलभूत संशोधन इथल्या प्रयोगशाळांत होते त्याचा उद्या काय उपयोग होईल हे आज कोणी विचारू नये. ते तसेच चालले पाहिजे. साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान यांना उद्योगाच्या तराजूत घालण्याचा तर प्रश्नच नाही. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: प्राध्यापकांची किती पदे रिक्त आहेत, आणि जे आहेत त्यांच्यावर परीक्षा, मूल्यांकन, अहवाल यांचे किती ओझे आहे, हे आम्ही बाहेरून बोलताना विसरतो. राज्य सरकारने पदे भरावीत यासाठी विद्यापीठाने आवाज उठवला तर उद्योग संघटनांनी त्या मागणीला लेखी पाठिंबा द्यायला हवा, आणि तो द्यावा यासाठी मी संघटनेत प्रयत्न करीन. पण वर लिहिलेल्या गोष्टींपैकी बहुतेकांना नवे पद लागत नाही, नवी इमारत लागत नाही. ठरवून दिलेला एक माणूस, एक दूरध्वनी आणि आठवड्यातली एक ठरलेली दुपार एवढ्यावर सुरुवात होते.

तेव्हा माझी नेमकी मागणी अशी आहे. व्यवस्थापन परिषदेच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा. उद्योगांशी संबंध ठेवण्याची जबाबदारी एका नावानिशी व्यक्तीवर सोपवून ते नाव जाहीर करावे. आणि येत्या उन्हाळ्यात एकाच विभागापुरते, एकाच वसाहतीपुरते, पंचवीस विद्यार्थी आणि पंचवीस कारखाने एवढ्या मर्यादेत कार्यानुभव प्रशिक्षण नव्या पद्धतीने करून पाहावे. त्यासाठी माझ्या कारखान्याची जागा मी आजच देऊ करतो. विद्यार्थ्याला प्रवासखर्च आणि दुपारचे जेवण मिळेल, ड्रॉइंगही दाखवली जातील. आणखी काही जणांशी माझे बोलणे झाले आहे आणि त्यांची संमती मी लेखी घेऊन कुलसचिव कार्यालयात आणून देईन. प्रशिक्षण संपल्यावर कोणत्या प्रश्नाला उत्तर मिळाले, कोणत्याला नाही, आणि कोणत्या कारखान्याने विद्यार्थ्याला नुसते बसवून ठेवले, हे सगळे नावांसह प्रसिद्ध करावे. त्या यादीत माझे नाव आले तरी चालेल. या पत्राचे उत्तर होकारार्थी असो वा नकारार्थी, ते लेखी मिळावे एवढी विनंती आहे.

आपला विश्वासू,
शिवाजी उद्यमनगरातील एक लघुउद्योजक
आणि विद्यापीठाचा माजी विद्यार्थी

प्रत: माननीय आयुक्त, कोल्हापूर महानगरपालिका, कोल्हापूर परिसरातील सर्व उद्योग संघटनांचे अध्यक्ष